मान वर करून थांबलेला बैल : छापील कार्डशीटच्या एका हलत्या मॉडेलचा प्रकरण अभ्यास

बैल मान वर करतो आणि तशीच ठेवतो, खाली आणत नाही. हँडल मध्येमध्ये अडतं आणि जोर लावला तर आतला शाफ्ट पिळवटतो. तक्रार एवढीच होती. बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, चार दिवसांवर आला होता आणि कुंभाराकडच्या मातीच्या बैलजोडीशेजारी आपला कागदाचा, मान डोलावणारा बैल ठेवायचं, असं घरातल्या मुलीनं सगळ्यांना सांगून टाकलेलं.

मुलगी सातवीतली, घर सांगलीच्या गावभागात. आजोबा कुपवाड एमआयडीसीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांच्या गल्लीतली. सुट्टीत मुलांना कागदाची मॉडेल शिकवते, म्हणून बैल माझ्याकडे आला. हे प्रकरण सविस्तर लिहितेय, कारण घरी छापून केलेली हलती मॉडेल अडतात ती बहुतेक याच दोन-तीन कारणांनी. आणि ती अडली की लोक चुकीच्या जागी हात घालतात. आणखी फेव्हिकॉल लावतात, आणखी जोर लावतात, शेवटी ‘कागदच तो, किती टिकणार’ म्हणून मॉडेल माळ्यावर जातं. कागदाला हा दोष लावणं मला पटत नाही. नीट केलेला कार्डशीटचा शाफ्ट वर्षानुवर्षं फिरतो.

ज्यांनी असं मॉडेल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी रचना सांगते. खाली एक पेटी असते. पेटीतून आडवा शाफ्ट जातो, त्याच्या एका टोकाला हँडल. शाफ्टवर एक चकती बसवलेली असते, तो कॅम. कॅमवर एक उभी दांडी टेकलेली असते आणि ती सरळ वरखाली व्हावी म्हणून एका नळीतून जाते. आजोबा या नळीला पहिल्या क्षणापासून ‘बुश’ म्हणाले, मीही तेच म्हणते. दांडी पेटीच्या वर येऊन बैलाच्या मानेखाली टेकते. कॅमचा उंच भाग दांडीखाली आला की दांडी वर जाते आणि मान उचलते. उंच भाग पुढे सरकला की डोकं स्वतःच्या वजनानं खाली येतं. हे सगळं कागदाचं. फक्त मानेच्या सांध्यात अगरबत्तीची काडी घातलेली.

या प्रकारात ब्रिटनचे रॉब आयव्हज आणि जपानचे केसुके साका यांनी अप्रतिम काम केलं आहे. त्यांची मॉडेल जोडली की यंत्र म्हणजे काय ते हातातून कळतं. आपल्याकडेही हलत्या आकृत्यांचं वेड जुनं आहे. १८४३ साली सांगलीत मराठी नाटकाचा पहिला प्रयोग करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्याही घडवल्या होत्या, आणि गणपतीत हलते देखावे बघायला आजही आपण रांगेत उभे राहतो. घरी प्रिंट काढून कापायचं आणि चिकटवायचं हे त्याच वेडाचं सगळ्यात स्वस्त रूप.

आता या बैलाकडे वळते. फाईल परदेशी, तीन पानांची. पहिल्या पानावर पेटी, दुसऱ्यावर बैलाचं अंग, डोकं आणि बुश, तिसऱ्यावर शाफ्ट, कॅम, दांडी आणि हँडल. मुलीनं पहिली दोन पानं एका झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणली. तिसरंही आणलं होतं, पण ते पिशवीत पावसानं भिजलं. मग बाबांनी ऑफिसजवळच्या दुसऱ्या दुकानातून तिसरं पान पुन्हा काढून आणलं. कार्डशीट दोन्हीकडे २२० जीएसएमचीच (चौरस मीटरला २२० ग्रॅम), दोन्हीकडे पांढरी, हाताला सारखीच लागणारी. बैलाच्या झुलीवर आणि शिंगांवर मुलीनं पोस्टर कलरनं काम केलं होतं. झुलीची किनार इतकी बारीक आणि सुबक, की बैलाचा किंवा पेटीचा एकही भाग फाडून नव्यानं करायचा नाही हे मी मनाशी तेव्हाच ठरवलं. दुरुस्ती या पेटीला सांभाळून व्हायला हवी होती.

आजोबांचं पहिलं निदान हवेवर होतं. ‘आषाढ आहे ताई, नदीकाठचं घर. कागद फुगलाय.’ घरात सगळ्यांचं हेच मत होतं आणि त्यात थोडं तथ्यही होतं, पण हिशेब जुळत नव्हता. कागद दमट हवेत फुगतो हे खरं. तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त, लांबीच्या दिशेला अगदी कमी. पण दांडीची रुंदी ८ मिमी. एक टक्का फुगली असं धरलं तरी वाढ ०.०८ मिमी, केसाच्या जाडीइतकी. तेवढ्यानं दांडी अशी घट्ट धरली जाणार नाही. दमटपणाचं खरं नुकसान वेगळं असतं. कार्डशीट मऊ पडते, नळीच्या सपाट बाजू बाहेरच्या अंगाला फुगतात, कापलेल्या कडांवर लव उठते आणि घर्षण वाढतं. म्हणजे आधीच घट्ट असलेल्या जागेला दमट हवा आणखी घट्ट करते. पण मुळात ती जागा घट्ट का होती?

हे शोधायचं तर मॉडेल हँडलपासून वर तपासत जायचं, एका वेळी एकच भाग. माझी यात कुणालाच सूट नसते. पूर्ण जोडलेलं मॉडेल हातात घेऊन ‘कुठेतरी अडतंय’ म्हणत फिरवत बसलं तर काहीच कळत नाही, उलट पिळवटतं तेवढं. आजोबांनाही हे लगेच पटलं. मुलगी हँडलला हात लावायला गेली तर म्हणाले, ‘थांब गं बाळा. आधी लोड काढू, मग रिकामा शाफ्ट फिरवून बघू.’ मशीन दुरुस्तीत आयुष्य काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

अगरबत्तीची काडी ओढून डोकं काढलं. दांडी वरून उपसून काढली. उपसावी लागली, हीच पहिली खूण. आता पेटीत फक्त शाफ्ट आणि कॅम उरले. हँडल हळू फिरवलं. एका फेऱ्यात चार वेळा अडखळलं, बरोबर पाव-पाव फेऱ्यावर. चौकोनी शाफ्टला चार कोपरे असतात. म्हणजे प्रत्येक कोपरा भोकाला घासत होता. कॅमचा यात काही संबंध नव्हता. कॅम घासत असता तर अडखळणं फेऱ्यात एकदाच आलं असतं. मुलीला हे सांगितल्यावर तिनं स्वतः डोळे मिटून पुन्हा फिरवलं आणि बोटांवर मोजलं, चार.

मग मापं घेतली. स्टीलची पट्टी आणि आजोबांचा व्हर्नियर. शाफ्टची बाजू १० मिमी, फाईलमध्ये होती तशीच. १० मिमीच्या चौकोनाचा कर्ण १४.१ मिमी. फाईलप्रमाणे पेटीचं गोल भोक १४.५ हवं, म्हणजे शाफ्टला चारेक दशांश मिमी मोकळीक. पण भोक भरलं १४.१. मोकळीक शून्य. मग पेटी मोजली. ८० मिमी असायला हवी होती, ती ७८ ला जराशी कमी. आता सगळं स्पष्ट झालं. पहिली दोन पानं ९७ टक्क्यांवर छापली गेली होती आणि तिसरं पान शंभर टक्क्यांवर.

हे ९७ कुठून येतात ते सांगायला हवं, कारण हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. अमेरिकी फाईल लेटर मापाच्या कागदासाठी केलेली असते, २१५.९ बाय २७९.४ मिमी. आपल्याकडचा ए-फोर २१० बाय २९७. लेटर पान ए-फोरवर ‘फिट टू पेज’ करून काढलं की रुंदी २१५.९ वरून २१० वर दाबली जाते, म्हणजे ९७ टक्के. प्रिंटरनं कडेला समास सोडला तर त्याहूनही कमी. झेरॉक्सच्या दुकानांत ही सेटिंग बहुतेक वेळा आधीपासूनच चालू असते, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या आधार कार्डाला आणि मार्कलिस्टला तीन टक्क्यांनी काही बिघडत नाही. दुसऱ्या दुकानात ‘ॲक्च्युअल साईज’ होतं, इतकंच. दोन्ही दुकानदारांनी आपापलं काम बरोबरच केलं होतं.

आणि आता या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. तिन्ही पानं ९७ टक्क्यांवर छापली असती तर बैल चालला असता. सगळं सारख्या प्रमाणात लहान झालं असतं, मोकळीकही त्याच प्रमाणात उरली असती. इथे नेमकं उलटं घडलं होतं. हलणारे भाग सगळे तिसऱ्या पानावरचे, शंभर टक्क्यांचे. त्यांना धरून ठेवणारे भाग सगळे पहिल्या दोन पानांवरचे, सत्त्याण्णव टक्क्यांचे. म्हणून एकच सांधा अडला नाही, जिथे जिथे काही हलायचं होतं तिथे तिथे अडलं. तक्रार अनेक ठिकाणची असली तरी कारण एकच असू शकतं, हे इथे पट्टीनं दिसलं.

बुशचं गणितही बघा. बुश बाहेरून ९ मिमी, कार्डशीट २२० जीएसएमची म्हणजे जाडी साधारण ०.२८ मिमी. दोन्ही बाजूंची जाडी वजा केली तर आत ८.४ च्या थोडं वर जागा राहते. त्यात ८ मिमीची दांडी, अर्ध्या मिमीच्या आतबाहेर प्ले, म्हणजे मोकळीक. हा मुळातला बेत. ९७ टक्क्यांनी बुश बाहेरून ८.७ झालं, पण कार्डशीटची जाडी काही ९७ टक्के होत नाही, ती तेवढीच राहते. आत उरले ८.१७. दांडी ८. प्ले दीड-दोन दशांश. त्यात आषाढातली हवा, फुगलेल्या बाजू आणि कडांची लव. आजोबांचं निदान इथे येऊन खरं ठरलं, फक्त त्याच्या आधी प्रिंटरचं पाऊल पडलेलं होतं.

शाफ्ट पिळवटला त्याचं कारण मात्र वेगळं निघालं. नुसतं माप जुळवून थांबलो असतो तर ते तसंच राहिलं असतं. पिळवटलेला शाफ्ट उलगडून टेबलावर सपाट केला तर चारही घड्यांवर कार्डशीट फुटलेली, आतले तंतू पांढरे दिसत होते. चांगली क्रीज मारूनही, म्हणजे घडीची रेघ आधी दाबून घेऊनही, अशी फूट पडते तेव्हा ग्रेन बघायचा. कागद बनताना तंतू एका दिशेला ओढले जातात, ती दिशा म्हणजे ग्रेन. ग्रेनला समांतर घडी सहज आणि स्वच्छ पडते, आडवी घडी तंतू मोडत जाते. ओळखायला काही साधन लागत नाही. कार्डशीट न मोडता आधी एका बाजूनं वाकवा, मग दुसऱ्या बाजूनं. ज्या बाजूनं हलक्या हातानं वाकते, त्या वाकाच्या रेषेला समांतर ग्रेन. मुलीनं दोन्ही दुकानांतल्या उरलेल्या कापट्या वाकवून बघितल्या. पहिल्या दुकानाच्या कार्डशीटचा ग्रेन पानाच्या लांबीत होता, दुसऱ्याचा रुंदीत. दुसरी बहुधा मोठ्या शीटमधून ए-फोर कापताना आडवी कापली गेली असणार. मोठ्या शीटमधून जास्त पानं निघावीत म्हणून असं करतात.

शाफ्टची घडी लांबीच्या दिशेला आणि ग्रेन आडवा. चार घड्या चार ठिकाणी फुटलेल्या, म्हणजे नळीचे चारही कोपरे कमजोर. त्यावर घासणाऱ्या भोकाचा भार. पिळवटणारच.

दुरुस्ती कशी करायची यावर आजोबांचं आणि माझं जमलं नाही, आणि हा मतभेद मला मोलाचा वाटतो. आजोबांना भोक मोठं करायचं होतं. पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून, भोक मोठं करायचं हत्यार, रीमर, फिरवतात तसं. लोखंडात हे बरोबर आहे. कार्डशीटमध्ये पॉलिश पेपरनं कडा मऊ होते, तंतू सुटतात आणि काही दिवसांत भोक लांबट होतं, मग शाफ्ट हलायला लागतो. शिवाय पेटीचं भोक मोठं करून फक्त एकच अडचण सुटली असती, बुश तसाच घट्ट राहिला असता. डोकं पडत नाही म्हणून नाकाडाच्या आत एक रुपयाचं नाणं चिकटवायचं, असाही त्यांचा विचार होता. वजन वाढवून घर्षणावर मात करता येते, मीही कधी कधी करते. पण ते शेवटी. घट्ट बुशवर वजन चढवलं तर डोकं उचलताना दांडीवर, कॅमवर आणि त्या बिचाऱ्या शाफ्टवर तेवढाच जास्त भार येतो. घर्षण कमी झालं तर नाणं लागतच नाही.

माझं म्हणणं होतं, फक्त तिसरं पान पुन्हा छापू आणि तेही मुद्दाम ९७ टक्क्यांवर. शंभर टक्के ‘बरोबर’ असलं तरी या पेटीसाठी ते चूक होतं. आजोबांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘म्हणजे बेअरिंगच्या मापाला शाफ्ट टर्न करायचा. बरोबर आहे.’ टर्न करायचा म्हणजे लेथवर मापाला कातायचा. मग वाद उरलाच नाही.

मुलगी पहिल्याच दुकानात गेली, सेटिंग तीच ठेवायला सांगितली आणि कार्डशीट वाकवून ग्रेन बघून घेतली. फाईल तिनं व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली होती. फोटो किंवा स्क्रीनशॉट म्हणून गेली असती तर मापाचा पुन्हा घोळ झाला असता. दुकानातच पट्टीनं शाफ्टची बाजू मोजली, ९.७. या वेळी प्रिंट प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घालून आणली.

जोडताना तीन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिली, शाफ्टच्या आत, जिथे तो पेटीच्या भिंतीतून जातो आणि जिथे कॅम बसतो, तिथे कार्डशीटचे छोटे चौकोन थरावर थर चिकटवून दट्टे घातले. पोकळ नळी पिळवटते ती आधी चेपते म्हणून. आतून आधार असला की ती चेपत नाही आणि पिळवटतही नाही. दुसरी, फेव्हिकॉल. तो पाण्यातला असतो, जास्त लागला की कार्डशीट ओली होऊन वाकते. कापटीच्या टोकानं पातळ पसरायचा, अर्धा मिनिट सुकू द्यायचा, मग दाबायचा. तिसरी, दांडीच्या चारही बाजूंवर आणि बुशच्या आत ६बी, म्हणजे मऊ शिशाची, पेन्सिल घासली. ग्रॅफाईट कागदावर फार सुंदर काम करतं. बुश अंगात चिकटलेला असल्यामुळे आत पेन्सिल पोचत नव्हती, तेव्हा आजोबांनी ग्रॅफाईटची पूड कापटीवर घेऊन आत सरकवली. मेणबत्तीचं मेणही चालतं आणि दमट हवेत ते थोडं संरक्षणही देतं, पण छापील रंगावर त्याचे डाग दिसतात.

दांडी बसवायच्या आधी एक चाचणी आम्ही नेहमी करतो. बुश उभा धरायचा, दांडी वरून सोडायची. ती आपल्या वजनानं खाली घसरली पाहिजे, थांबता कामा नये. नवी दांडी घसरली, पण अर्ध्यावर थबकली. तिरपी बघितली तर बैलाचं अंग एका बाजूला जरासं वाकलेलं आणि त्याबरोबर आतला बुशही कललेला. हे पोस्टर कलरचं काम. पाण्याचा रंग कार्डशीटच्या एकाच बाजूला लावला की ती बाजू सुकताना ओढली जाते. रंगवायचंच असेल तर कापण्याआधी, सुट्या पानावर, आणि सुकताना वर जाड पुस्तकं ठेवून. इथे अंग आधीच जोडलेलं होतं, तर आतून कार्डशीटची एक आडवी पट्टी ताणून चिकटवली आणि अंग सरळ केलं. पुढच्या वेळी दांडी न थांबता तळाशी गेली.

कॅमचा एक प्रश्न उरला होता. फाईलमधला कॅम पायरीचा होता, गोगलगायीच्या शंखासारखा. दांडी हळूहळू चढते आणि पायरीवरून एकदम खाली पडते. मान झटक्यानं पडते, छान दिसतं. पण असा कॅम एकाच दिशेनं फिरवता येतो. उलटा फिरवला की दांडी पायरीच्या भिंतीवर आदळते आणि जे कमजोर असेल ते तुटतं. घरात धाकटा भाऊ होता, त्याला दिशा कोण सांगणार? म्हणून तिथे गोल कॅम घेतला. बिस्किटाच्या पुड्याच्या जाड पुठ्ठ्यावर कंपासनं वर्तुळ काढलं, शाफ्टचं भोक मध्यापासून ६ मिमी बाजूला. दांडी १२ मिमी उचलली जाते, मानेचा सांधा आणि दांडी यांच्यात २० मिमी, नाकाडाचं टोक सांध्यापासून ६० मिमीवर. म्हणून नाकाड साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास वरखाली होते. झटका गेला, बैल संथ डोलू लागला. मुलीला झटकाच हवा होता. ती थोडी हिरमुसली, पण धाकट्यानं हँडल दोन्हीकडे फिरवून दाखवल्यावर तिनंच होकार दिला. डिझाईनच्या दृष्टीनं पायरीचा कॅम जास्त बोलका आहे, हे मी आजही म्हणेन. घरातल्या वापरासाठी गोल बरा.

बेंदराला बैल मातीच्या जोडीशेजारी बसला. शिंगांना हिंगूळ होताच, गळ्यात खऱ्या मण्यांची माळ घालायचा आग्रह झाला, तो मी मोडून काढला, मानेवर वजन नको म्हणून. माळ मग पेटीला बांधली. पुरणपोळीच्या नैवेद्यानंतर घरातल्या प्रत्येकानं हँडल फिरवून बघितलं.

दिवाळीत पुन्हा तो बघितला. हवा कोरडी झाल्यावर भोकात शाफ्ट किंचित सैल वाटू लागला होता, थोडा खडखड आवाज करायचा. पेटीच्या दोन्ही भिंतींना आतून कार्डशीटची गोल वॉशर चिकटवली, भोक तेवढंच, जाडी दुप्पट. आवाज गेला. पुढे कधीतरी धाकट्यानं हँडल तोडलंच. पण पेटीच्या तळाला मुलीनं तेव्हाच लिहून ठेवलं होतं: ‘९७ टक्के, ग्रेन लांबीत, कॅम गोल ६ मिमी बाजूला.’ तेवढ्यावरून तिनं नवं हँडल छापलं, मोजलं आणि एकटीनं बसवलं.